साहस लिहून मिळेल

उंटावरून शेळ्या हाकण्याचा उद्योग आपल्याकडे पुष्कळांनी केला, पण त्याला रीतसर साहित्यप्रकाराचा दर्जा मिळाला तो अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तिथून बाजारात आला. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. त्यातला एकजण योद्धा होतो, एक मांत्रिक, एक चोर, आणि एकजण उरलेलं सगळं जग होतो. या उरलेल्या जगाला डंजन मास्टर म्हणतात, लाडाने डीएम. डोंगर तोच, दरोडेखोर तोच, अवकाळी पाऊस तोच आणि खानावळीत ताटं उचलणारा पोऱ्याही तोच. खेळाडू म्हणतात, “मी दार उघडतो.” दारामागे काय आहे ते डीएमने सांगायचं. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, म्हणजे दार उघडलं की बोट चेमटलं ते कळतं.

आता दारामागे काय आहे हे दर शनिवारी कुणी ठरवायचं? नोकरी, कर्जाचे हप्ते आणि पोरांच्या परीक्षा सांभाळून आठवड्याला एक ताजं भुयार खणणं कुठल्याही सद्गृहस्थाला झेपणारं नाही. म्हणून साहसं लिहून, छापून विकायची पद्धत पडली. या चोपड्यांना मॉड्यूल म्हणतात. जुनी मॉड्यूल दिसायला अगदी साधी: पातळशी पुस्तिका, तिला सुटं जाड वेष्टण, वेष्टणाच्या आतल्या अंगाला निळ्या शाईतला नकाशा. नकाशावर खोल्यांना आकडे आणि आत त्या आकड्यांनुसार मजकूर. पहिल्या खोलीत धूळ, दुसऱ्या खोलीत कोळी, तिसऱ्या खोलीत धुळीखाली लपलेला कोळी.

मला हे वाङ्मय खेळण्याइतकंच नुसतं वाचायलाही आवडतं, कारण त्याच्या लेखकाची अवस्था जगावेगळी असते. त्याला आपल्या गोष्टीचा नायक कोण हेच ठाऊक नसतं. नायकाचं नाव नाही, स्वभाव नाही, नायक गोष्टीत पाऊल ठेवील याचीही खात्री नाही. बिचाऱ्याने भिंती लिहायच्या, दारं लिहायची, दारामागची माणसं लिहायची आणि चोपडी छापायला द्यायची. ती हजारो मैलांवर कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर उघडते. तिथे पुढे काय झालं ते त्याला बहुधा कधीच कळत नाही, आणि तेच त्याच्या तब्येतीला बरं असतं.

काय होतं ते मी सांगतो. आमच्या टेबलावरचा प्रसंग आहे. छापील साहस होतं, गॉब्लिन नावाच्या राक्षसी टोळीच्या भुयारातलं, आणि मी डीएम होतो.

“समोर एक लाकडी दार आहे,” मी वाचलं.

“कुठल्या लाकडाचं?” मांत्रिकाने विचारलं. मांत्रिक पेशाने सिव्हिल इंजिनिअर आहे.

चोपडीत लाकडाची जात दिलेली नव्हती. “सागवान,” मी ठोकून दिलं.

“गॉब्लिनांना सागवान परवडतं?”

“जुनं असेल रे.”

“म्हणजे चोरलेलं आहे. म्हणजे जवळपास कुठेतरी मोठा वाडा होता.”

“बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत?” चोराने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“बाहेरच्या.”

“मग उघडायचं कशाला? काढूनच नेऊ. सागवानाचा भाव काय चाललाय?”

त्या दारामागे लेखकाने दोन पानं खर्चून एक बंदिवान राजपुत्र ठेवला होता. त्याचं भाषण होतं, त्याच्या अंगठीचं रहस्य होतं, पुढच्या तीन प्रकरणांची किल्ली त्याच्याकडे होती. तो अजून तिथेच असावा. दार मात्र गावात विकलं गेलं, आणि चांगल्या किमतीला.

हा रोग फक्त मराठी माणसाला जडलाय असं नव्हे. गायगॅक्सच्या एका प्रसिद्ध थडग्यात मिथ्रिल नावाच्या मौल्यवान धातूचे प्रचंड दरवाजे आहेत. आतल्या अमर दुष्टात्म्याचं काय करायचं हे सोडून खेळाडूंनी त्या दरवाजांचं वजन आणि बाजारभाव यांचं गणित मांडल्याचे किस्से या छंदात जुने आहेत.

अशा अनोळखी, अवली आणि हिशेबी माणसांसाठी लिहायचं म्हटल्यावर लेखक घाबरतो, आणि घाबरलेला लेखक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे खूप लिहितो. नमनाला घडाभर तेल म्हणावं तर इथे घाणाच फुटलेला असतो. भुयाराची पार्श्वभूमी तीन पानं. हे भुयार सातशे वर्षांपूर्वी कुणी खणलं, त्याचा भावाशी वाद का झाला, भावाची बायको कुठल्या घराण्यातली, शाप कुणी दिला आणि उःशाप का दिला नाही. हे सगळं खेळाडूंना कळण्याचा मार्ग? अजिबात नाही. शाप देणारा मेला, भाऊ मेला, खणणारा सत्ताविसाव्या खोलीत सांगाडा होऊन पडलाय आणि सांगाडे बोलत नाहीत. ते थेट तलवार काढतात. म्हणजे ही सगळी कादंबरी वाचतो एकटा डीएम. माझा असा पक्का संशय आहे, की मॉड्यूलच्या निम्म्या लेखकांच्या कपाटात एकेक नाकारलेली कादंबरी असते आणि ती हप्त्याहप्त्याने आमच्या गळ्यात मारली जाते.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे चौकटीतला मजकूर. खोलीत शिरल्यावर डीएमने मोठ्याने वाचून दाखवायचा परिच्छेद. हेतू चांगला आहे. पण लेखकाला चौकट दिसली की त्याच्यात कवी संचारतो. मशालींच्या थरथरत्या उजेडात, शेवाळलेल्या पाषाणांवर, काळाच्या ओघात पुसट झालेली भित्तिचित्रं वगैरे चाललेलं असतं. दुसऱ्या वाक्यापर्यंत मंडळी कान देतात, तिसऱ्याला चिवड्याच्या वाटीत हात जातो, चौथ्याला कुणीतरी मोबाइल बघतं. आणि शेवटच्या वाक्यात हळूच लिहिलेलं असतं, की खोलीच्या मध्यभागी एक ड्रॅगन बसलाय. अहो, ड्रॅगन आधी सांगा! खोलीत शिरल्यावर माणसाला आधी काय दिसेल, शेवाळं?

शब्दांची गफलत तर विचारूच नका. अमेरिकेत एक किस्सा फार जुना आहे. डीएमने बागेतल्या ‘गझीबो’चं वर्णन केलं. गझीबो म्हणजे छपरीवजा लतामंडप. पण खेळाडूला ते ठाऊक नव्हतं. त्याने दुरून हाक मारली, उत्तर नाही. बाण मारला, बाण रुतला, तरी गझीबो हूं की चूं करेना. तेव्हा तो घाबरून पळाला, आणि वैतागलेल्या डीएमने अखेर गझीबोलाच त्याच्या मागे सोडून त्याचा फडशा पाडला. लेखकांनी हा किस्सा टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

दुसऱ्या जातीचा लेखक घाबरत नाही, तो चिडतो. याचं अमर उदाहरण म्हणजे ‘टूम ऑफ हॉरर्स’, वर सांगितलेलं मिथ्रिलच्या दरवाजांचं थडगं. आपले खेळाडू फार शेफारलेत असं गायगॅक्सला वाटलं आणि त्याने त्यांचा माज उतरवण्यासाठी ते बांधलं. १९७५ साली बाल्टिमोरला भरलेल्या ‘ओरिजिन्स’ या खेळमेळ्यात ते स्पर्धेसाठी वापरलं गेलं आणि १९७८ मध्ये छापून विक्रीला आलं. टेकडीत शिरायला तीन वाटा, त्यातल्या दोन खोट्या आणि घातकी. खरी सापडलीच, तर लांब मार्गिकेच्या टोकाला भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा, जबडा वासलेला, आत काळाकुट्ट अंधार. त्यात हात घातला तर हात गेला, आणि उडी मारली तर माणूस गेला. फासा नाही, दयामाया नाही, हाडसुद्धा परत मिळत नाही. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, या म्हणीवर बेतलेली ही वास्तू आहे. सोबत एक वेगळी चित्रपुस्तिका मिळायची: खेळाडू कुठल्या दृश्यापुढे मरणार, ते त्यांना नीट दिसावं म्हणून.

गंमत अशी, की या थडग्यालाही माणसं पुरून उरली. रॉब कुन्ट्झ हा गायगॅक्सचाच सहकारी रोबिलार नावाचं पात्र खेळायचा. त्याने आपल्या पदरी असलेले ऑर्क जातीचे राक्षसी शिपाई एकामागून एक पुढे पाठवले. जिथे ऑर्क मेला तिथे सापळा आहे, इतकं साधं शास्त्र. शेवटच्या दालनात पोचल्यावर गडी लढलाही नाही. हाताला लागेल तो खजिना गोळा करून बाहेर पडला. लेखकाने कसून रचलेला मृत्यू एका व्यवहारी माणसाने असा मनुष्यबळाच्या जोरावर पार केला. आपल्याकडे तो कंत्राटदार म्हणून नावारूपाला आला असता.

तिसरी जात रूळ टाकणाऱ्यांची. १९८४ साली ‘ड्रॅगनलान्स’ ही साहसमालिका सुरू झाली. तिची जोड-कादंबरीही त्याच वर्षी आली. आता आली का पंचाईत? कादंबरीत जे पात्र पुढच्या भागात लागणार, ते इथे एखाद्या पोराच्या टेबलावर फासा वाईट पडला म्हणून मरून कसं चालेल? त्यावर तोड निघाली ती अशी, की पुढे लागणारं पात्र मेलंच, तर त्याचा मृत्यू जरा धूसर ठेवायचा. दरीत पडलं, पुरात वाहून गेलं, प्रेत काही सापडलं नाही. म्हणजे पुढच्या भागात ते सुखरूप परत. आपल्या दूरदर्शन मालिकांना ही युक्ती कुणी शिकवावी लागली नाही, पण छापील नियम म्हणून ती विस्कॉन्सिनमध्ये आधी आली हे श्रेय तिथल्या लेखकांच्या खात्यावर लिहायला हवं. अशा साहसात खेळाडूंना गाडीत बसवतात, खिडकीतून देखावे दाखवतात आणि शेवटच्या स्टेशनावर ठरलेल्या खलनायकाशी ठरलेली लढाई देतात. इंग्रजीत याला रेलरोडिंग म्हणतात. साखळी ओढली तरी गाडी थांबत नाही.

या सगळ्यांपेक्षा अवघड काम रहस्यकथा लिहिणाऱ्याचं. ‘कॉल ऑफ कथुल्हू’ या १९८१ सालच्या खेळात तलवारी चालवायच्या नसतात, पुरावे शोधायचे असतात. त्याचं ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ हे १९८४ चं साहस अजून नावाजलं जातं. १९२५ सालचं न्यूयॉर्क. मित्राचा खून झालाय. त्याच्या वस्तूंत शांघायमधल्या ‘स्टम्बलिंग टायगर बार’ची काड्यापेटी सापडते. खेळ चालवणारा खरोखरीचा कागद हातात देतो, वर्तमानपत्राचं कात्रण, पत्र, त्या काड्यापेटीचं चित्र. खेळाडूंच्या डोळ्यांत चमक येते. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय, अर्धी पृथ्वी त्या कागदांतून उलगडते. पण उलगडते ती कागद कुणी उचलला तर! खेळाडूंनी खोलीत शिरून गालिचा तपासला, पलंगाखाली पाहिलं, खिडकीतून पळालेल्या माणसाचे बूट कुठल्या दुकानातले यावर तासभर चर्चा केली आणि काड्यापेटी तशीच टाकून निघाले, तर शांघाय कायमचं नकाशावरून गेलं. म्हणून जस्टिन अलेक्झांडर नावाच्या लेखकाने नियम घालून दिला, की जे खेळाडूंना कळलंच पाहिजे त्याचे किमान तीन पुरावे ठेवा. त्यांना पहिला दिसत नाही, दुसरा दिसला तर ते दुर्लक्ष करतात, आणि तिसऱ्याचा भलताच अर्थ लावतात. माझ्या टेबलावर चौथा लागतो: मीच.

मग चांगलं मॉड्यूल कसं असतं? या बाबतीत माझं मत जुनाट आहे. लेखकाने जिथे आवरतं घेतलं, तिथे खेळ रंगला. माइक कारचं ‘इन सर्च ऑफ द अननोन’ हे १९७९ च्या सुमाराचं मॉड्यूल उघडलं की खोलीचं वर्णन आहे, पण राक्षस आणि खजिना यांच्यापुढे चक्क कोरी जागा. मागे याद्या दिल्यात, त्यातून निवडा आणि लिहा. गाळलेल्या जागा भरा! नव्या डीएमला शिकवायची ही शाळामास्तरी रीत मला फार आवडते.

आणि गायगॅक्सचंच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. थडगं बांधणारा हाच माणूस का, असा प्रश्न पडावा इतकं ते मोकळं आहे. नवशिक्यांच्या खोक्यातच ते मिळायचं, त्यामुळे एका पिढीचं पहिलं साहस तेच. एका अरुंद घळीत ए पासून के पर्यंत अकरा गुहा, त्यांत राक्षसांच्या नाना जाती. एकीत कोबोल्ड, दोहोंत ऑर्कांच्या दोन टोळ्या, शेजारी गॉब्लिन, पलीकडे एकटा ओगर, वर हॉबगॉब्लिन, मग बगबेअर, नोल, एक मिनोटॉर, आणि शेवटी दुष्ट पुजाऱ्यांचं देऊळ. ही घळ नव्हे, ही गिरगावातली चाळ आहे. सगळे एकाच जिन्याने येणार-जाणार, कुणाचं कुणाशी पटत नाही, आणि भिंतीपलीकडे काय चाललंय ते सगळ्यांना माहीत. पाणी कुठून भरतात आणि इतर व्यवस्था काय, हे विचारू नये. चाळीतही कुणी विचारत नाही.

पण बघा, ही भांडणं हाच खेळ आहे. गॉब्लिनांवर हल्ला झाला तर ते गुप्त दारातून ओगरकडे अडीचशे सोन्याच्या नाण्यांची थैली फेकतात, आणि ओगर मदतीला येतो. म्हणजे ओगरचा दर ठरलेला आहे. दर ठरलेला आहे हे कळलं, की खेळाडूंपैकी कुणीतरी विचारतंच: तीनशे दिले तर? इथून पुढे लेखकाची गरज उरत नाही. एका टोळीला दुसऱ्यांवर घालता येतं, एका गुहेचं भाडं दुसरीकडून वसूल करता येतं. लेखकाने गोष्ट लिहिलेली नाही, फक्त शेजार लिहिलाय.

त्यात वर अफवांचं कोष्टक आहे. खेळाडूंनी फासा टाकायचा आणि गावात ऐकलेली एक बातमी मिळवायची. काही खऱ्या, काही साफ खोट्या. त्यातली एक म्हणजे ‘ब्री-यार्क’ हा गॉब्लिनांच्या भाषेत शरणागतीचा पुकारा आहे. प्रत्यक्षात ती त्यांची धोक्याची हाळी आहे. गॉब्लिन ओरडतो ‘ब्री-यार्क’, आपले वीर तलवारी म्यान करतात, आणि आतून उरलेला कबिला धावून येतो. ज्याने कुठल्याही किल्ल्याखालच्या गावात चौकशी केलीय, त्याला हे कोष्टक ओळखीचं वाटेल. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यावरून एक भुयार थेट दुसऱ्या किल्ल्याला जातं, ते कुणाच्या तरी आजोबांनी पाहिलेलं असतं, आणि सरकारने ते नेमकं गेल्या पिढीत बुजवलेलं असतं.

जेनेल जॅक्वेज यांचं नाव इथे घ्यायला हवं. त्यांच्या ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ (१९७९) मध्ये आत शिरायला एकाहून अधिक वाटा, खाली जायला अनेक जिने, फिरून पुन्हा तिथेच आणणारे मार्ग. खेळाडू कुठूनही येवोत, भुयार त्यांना सामावून घेतं. आणि ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) लिहिणारं हिकमन दांपत्य. ट्रेसी हिकमनला एका खेळात भुयाराच्या कोपऱ्यात उगाच उभा असलेला एक रक्तपिपासू भेटला होता. हा इथे करतोय काय, हा त्याला पडलेला प्रश्न इतका रास्त होता, की त्यातून एक अख्खा वाडा, एक सरदार आणि त्याचं दुःख उभं राहिलं. शिवाय कुठली वस्तू कुठे दडलीय ते दर खेळाला पत्ते काढून ठरतं, म्हणजे आधी वाचून आलेला आगाऊ खेळाडूही गारद.

राक्षस कुठून येतात, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. आपला अस्सल राक्षस, संस्कृत नावासकट, १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या खेळाच्या राक्षसकोशात हजर आहे. पण कसा? वाघाचं तोंड, अंगात झगा, हातात पाइप, निवांत बसलेला. आणि मरतो कशाने, तर मंत्रून दिलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. हे वाल्मीकींनी कुठे लिहिलंय ते मी शोधलं नाही, कारण उगम वाल्मीकी नव्हेतच. १९७४ सालच्या ‘कोलचॅक’ या अमेरिकन भीतिमालिकेच्या एका भागावरून गायगॅक्सने तो उचलला. रावणाने हे चित्र पाहिलं असतं, तर दहाही तोंडांनी हसला असता. अलीकडे कारभार सुधारलाय. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात मूळच्या कोलकात्याच्या मिमी मंडल यांचं बंगालच्या नदीकाठच्या मुलखावर बेतलेलं साहस आहे. तिथे कुणी वाघ पाइप ओढत नाही.

आता पुण्या-मुंबईत, ठाण्यात या खेळाची टेबलं बसू लागलीत, आणि त्यातली काही पोरं स्वतःची साहसं लिहितात. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. किल्ला घ्या, चोरदरवाजे, पाण्याची टाकी आणि अफवा आयत्या मिळतील. ड्रॅगन पहिल्या वाक्यात आणा. सातशे वर्षांचा इतिहास लिहायची हौस असेल तर लिहा, पण छापू नका. दाराचं लाकूड कुठलं ते ठरवून ठेवा. आणि खानावळवाल्याला नाव द्या. ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’मध्ये गायगॅक्सने किल्लेदारापासून सराफापर्यंत कुणालाच नाव दिलेलं नाही, आणि खेळाडू सगळ्यात आधी तेच विचारतात.